सात नंबरच्या चार बाया

त्या दिवशी दिपाली मॅडमचा घसा बसला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

२००८ सालचा जानेवारी सरत आला होता. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीपासून आठ-नऊ किलोमीटरवर बेलदरी नावाचं गाव आहे. गावाच्या अलीकडे संत्र्याचे बगीचे आणि पलीकडे जंगल. तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या खोलीत सतरंजी अंथरली होती, सतरंजीवर आठ बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध एका स्टुलावर टेलिफोन ठेवला होता. फोन साधाच, पण बटण दाबलं की पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येई.

याला म्हणायचं आभासी गटचर्चा. म्हणजे कागदावर तसं लिहिलेलं असे. गावात सगळे ‘फोनची मिटिंग’ म्हणत. गटचर्चा म्हणजे काही भाषण नव्हे. सात-आठ जणींना एकत्र बसवायचं, एक प्रश्न विचारायचा आणि मग गप्प राहून त्या काय बोलतात ते ऐकायचं. पूर्वी ऐकणारा माणूस गावात यायचा. आता वर्ध्याच्या एका संशोधन संस्थेनं नवी रीत काढली होती. ऐकणारा वर्ध्यालगतच्या बोरगाव मेघेच्या कचेरीत बसणार, बायका आपल्या गावात बसणार आणि सगळं बोलणं तिकडच्या मशीनवर टेप होणार. गरोदर सुनांना मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घरात जातात कुठं, एवढं संस्थेला समजून घ्यायचं होतं. म्हणून ही बैठक सासवांची होती.

बेलदरीकडची सगळी व्यवस्था दामिनीकडे होती. बावीस वर्षांची, बारावी झालेली, गावातलीच मुलगी. आई लहानपणीच गेली, म्हणून तिला मोठ्या काकूनं वाढवलं. काकूचं नाव रामबाई. दामिनी तिला मोठी माय म्हणे. सतरंजीवरच्या आठ जणींत तीही होती.

अकरा वाजता फोन वाजला. दामिनीनं बटण दाबलं.

“हॅलो... बेलदरी?”

आवाज पुरुषाचा होता. आठही बायकांचे पदर एकदम डोक्यावर आले.

“दिपाली मॅडम कुठं आहेत?” दामिनीनं विचारलं.

“मॅडमचा घसा बसला. मी हेमराज. खरं म्हणजे मी टेपची मशीन सांभाळतो...”

“मग प्रश्न कोण विचारणार?”

“तोच विचार करतोय मीपण,” पलीकडून जरा चाचरत उत्तर आलं. “विचारावेच लागतील मला. बाया बसल्यात का?”

“हा त बाप्या होय,” मोठी माय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “याच्यापुढं कोण बोलन?”

एक जण जागची उठायला लागली. दामिनीला सकाळपासूनची खटपट वाया जाताना दिसली. ती म्हणाली, “मोठे माय, त्याले डोये नाईत. निरा आवाज हाय तो. तुमच्याकडे पाहून नाई राह्यला.”

“आणि कानही काही फार चांगले नाहीत, आजी,” फोन म्हणाला. “जरा जोरात बोलावं लागेल तुम्हाला.”

एक जण फिसकन हसली. मग दुसरी. उठलेली बाई परत बसली.

संस्थेचे नियम कडक होते. कुणी आडनाव सांगायचं नाही, विचारायचं नाही. अगदी फोनवरच्या माणसानंही नाही. बायकांना एक ते आठ नंबरची कार्डं द्यायची. बोलण्याआधी जिनं तिनं आपल्या कार्डावरचा आकडा सांगायचा, म्हणजे टेप ऐकून लिहिताना कोण बोललं ते कळेल. आणि बायकांत तिच्या घरातल्याही असल्यामुळे दामिनीनं आत बसायचं नाही. तिनं कार्डं वाटली, अक्षर न येणाऱ्यांना आकडा समजावून सांगितला आणि ती ओसरीत जाऊन बसली.

खिडकी उघडीच होती. नंबरांकडे तिचं लक्ष नव्हतं. लक्ष होतं त्या आवाजाकडे. तो प्रश्न विचारी आणि थांबे. बाई अडखळली तरी मध्ये बोलत नसे. दामिनीनं आजवर गावात आलेले साहेब पाहिले होते. प्रश्न तेच विचारत आणि उत्तरंही तेच देत. हा माणूस नुसता थांबत होता... आणि त्याच्या थांबण्यात घाई नव्हती.

“गोया?” मोठ्या मायचा आवाज आला. “त्या म्या संत्र्याच्या बुडाले टाकल्या. कलम पिवयं पडलं होतं. गोया टाकल्या अन् हिरवंगार झालं.”

बायका खो-खो हसल्या. हसणं ओसरेपर्यंत फोन गप्प राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “आणि सून?”

मोठ्या मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“सून अजून पिवयीच हाय, बापू,” मोठी माय म्हणाली.

त्या रात्री तिनं सुनेला स्वतःच्या हातानं गोळी दिली. दामिनीनं ते पाहिलं.

*

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन पुन्हा वाजला.

“लाइन तपासायला केला,” हेमराज म्हणाला.

“कालच त तपासली.”

“काल वारा होता. आज कशी आहे ते बघावं म्हटलं.”

“आजपण वारा आहे.”

“मग उद्याही करावा लागेल.”

दामिनीनं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला आणि स्पीकरचं बटण बंद आहे ना ते पुन्हा पाहिलं.

असा फोन रोज येऊ लागला. लाइन चांगली होती, तरी तपासणीला दहा-दहा मिनिटं लागत. दिपाली मॅडमचा घसा चार दिवसांत मोकळा झाला. पण बायका म्हणाल्या, आम्हाला तोच पाहिजे, बिनडोळ्याचा. पुढच्या बैठकाही हेमराजकडेच आल्या.

“तिकडे कसला वास येतो ओ?” तो एकदा म्हणाला.

“फोनमधून वास येते का कुठं?”

“नाही येत. म्हणून तर विचारतोय. तुम्ही मघापासून तीनदा मोठा श्वास घेतला.”

संत्र्यांना बहर आला होता. उपकेंद्राच्या खिडकीबाहेर पांढरी फुलं लगडली होती आणि मधमाश्यांची गुणगुण दुपारपर्यंत थांबत नव्हती. दामिनीनं ते सगळं सांगितलं. सांगताना तिच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं तो वास घेत आलो, पण तो कुणाला सांगावा लागेल असं कधी वाटलंच नव्हतं.

एका रविवारीही फोन वाजला.

“आज तर उपकेंद्र बंद असेल ना?” त्यानं विचारलं.

“हो. बंदच असते.”

“मग उचलला कसा?”

“झाडलोट करायले आलते.”

“दर रविवारी करता?”

“या रविवारपासून.”

पलीकडे कुणीतरी हसू दाबल्यासारखं वाटलं.

पण दामिनी काही भाबडी नव्हती. फोन ठेवला की ती मनाला दटावत असे. तो वर्ध्याचा, शिकलेला, कोण कुठला. आपण गोंडाची पोर. आवाज आवडला म्हणून काय झालं... आवाजाशी कुणी लग्न करतं का? असं दटावलं की मन ऐके. सकाळी अकरापर्यंत ऐके.

*

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हेमराजचा फोन आला, तो काहीसा गोंधळलेल्या आवाजात.

“दामिनी, मी पहिल्या बैठकीची टेप लिहून काढतोय. तुमच्याकडे सात नंबरच्या किती बाया होत्या?”

“एकच. एका आकड्याचं एकच कार्ड.”

“मला चार ऐकू येतात. चार वेगवेगळे आवाज, सगळ्या ‘सात’ म्हणूनच बोलतात. तिघी सहा नंबरच्या आहेत, एक पाच. एक, दोन, तीन, चार आणि आठ नंबरच्या बाया अख्ख्या दोन तासांत तोंडच उघडत नाहीत. आणि सात नंबरची बाई स्वतःशीच भांडते.”

दामिनीला हसू आवरेना. ते कसं झालं असेल, हे तिला ऐकता ऐकताच कळलं होतं. तरी तिनं संध्याकाळी चुलीपाशी मोठ्या मायला विचारलं.

“तुले कार्ड सहाचं देल्लं होतं ना? मग सात काऊन म्हटलं?”

“सहा कशी म्हणू?” मोठी माय भाकर थापता थापता शांतपणे म्हणाली. “आपण सात देवाचे. सहा देवाचे त आपले सोयरे होत. त्याइचा आकडा माह्या तोंडानं घेऊ? त्या कागदाले काय समजते? आमी आठ जणीनं ठरवलं, ज्याचे जेवढे देव, तेवढा आकडा.”

दुसऱ्या दिवशी दामिनीनं हेमराजला समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं, एकेक पायरी. “आमच्यात प्रत्येक घराण्याचे देव ठरलेले असतात. कुणाचे चार, कुणाचे पाच, कुणाचे सहा, कुणाचे सात. मुलगी लग्न करून गेली की नवऱ्याचे देव ते तिचे. आणि ज्यांचे देव सारखे, ते सगळे भाऊ-बहीण. गाव वेगळं असो, ओळखपाळख नसो, तरी भाऊ-बहीणच. त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणून नवीन माणूस आला की म्हातारी माणसं आधी तेच विचारतात, किती देवाचा?”

पलीकडे शांतता होती.

“सर? लाइन गेली का?”

“नाही. लाइन आहे.” तो म्हणाला, “संस्थेचा नियम आहे, म्हणून मी बोललो नाही. पण आम्हीही त्यातलेच, दामिनी. आजोबा हिंगणघाटला मिलमध्ये आले तेव्हा बाबा लहान होते. शाळेत मास्तरांनी आडनाव विचारलं, आजोबांनी गावाचं नाव सांगितलं. तेव्हापासून आम्ही पारडीकर. खरं आडनाव काय, बाबा कधी बोललेच नाहीत. चाळीत कुणाला कळू नये असं त्यांना वाटायचं.”

दामिनीच्या हातातला रिसीव्हर एकाएकी जड झाला.

“मग तुम्ही... किती देवाचे?” तिनं विचारलं.

“तेच तर माहीत नाही,” हेमराज म्हणाला.

आजवर तो परका होता, म्हणून मनाला आवरणं सोपं होतं. आता तो आपल्यातलाच निघाला आणि अवघड झालं. सहा निघाला, पाच निघाला, चार निघाला, तर दार उघडं. पण सात निघाला तर? परक्या माणसावर जीव लावला तर गाव चार दिवस बोलतं आणि गप्प बसतं. भावावर जीव लावला तर कुणाला सांगायची सोय नाही. स्वतःलासुद्धा नाही.

“आपण आता लाइन नको तपासू,” ती म्हणाली.

“का?”

“कळेपर्यंत नको.”

त्यानं वाद घातला नाही. “तुमचे किती?” एवढंच विचारलं.

“सात.”

“मी शोधून काढतो,” तो म्हणाला.

*

अकरा वाजता फोन वाजायचा बंद झाला. दामिनीनं नवीन कार्डं बनवली. आकड्यांऐवजी तिनं त्यांवर फळं काढली. बोर, जांभूळ, सीताफळ, संत्रं. पुढची बैठक व्यवस्थित झाली. हेमराज फक्त कामाचं बोलला, तीही फक्त कामाचं बोलली. ‘आता जांभूळ काय म्हणते?’ असं तो विचारी तेव्हा बायका हसत. ओसरीत बसलेल्या दामिनीला मात्र हसू येत नव्हतं.

झाडांवरची फुलं गळून मुगाएवढी फळं धरली. मोठ्या मायच्या नजरेतून काही सुटत नसे.

“रविवारचं झाडणं बंद केलं व?” तिनं एकदा विचारलं.

दामिनी सुपातलं धान्य निवडत राहिली.

“फोनवाला पोट्टा काई बोलला का तुले?”

“नाई.”

“मग हेच त दुखणं दिसते,” मोठी माय म्हणाली आणि तिनं दामिनीला शेजारी बसवून घेतलं. त्या दिवशी दामिनीनं सगळं सांगितलं.

मोठ्या मायनं मध्ये एकही शब्द काढला नाही. मग म्हणाली, “लाव त्याले फोन. त्याच्या बापाले कचेरीत बसव म्हणा. मी बोलतो.”

हेमराजनं सांगितलं, काही उपयोग नाही. तो हिंगणघाटला दोनदा जाऊन आला होता. बाबा पहिल्यांदा चिडले, “काय करायचं तुले त्याचं?” दुसऱ्यांदा मऊ झाले, पण म्हणाले, खरंच आठवत नाही रे. आजोबा लवकर गेले, मग कुणी कधी सांगितलंच नाही.

“आठवत नाई असं नसते,” मोठी माय म्हणाली. “कोणी नीट इचारलं नसते.”

शनिवारी दुपारी बेलदरीचा फोन बोरगाव मेघेला जोडला गेला. तिकडे कचेरीत हेमराजचे वडील पुनाजी बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा घालून, सरकारी मुलाखतीला आल्यासारखे. इकडे मोठी माय सतरंजीवर एकटीच.

“तू भाईर बस,” ती दामिनीला म्हणाली. “अन् तू बी भाईर जाय रे, पोट्ट्या. मशीन बंद कर.”

ओसरीतून दामिनीला सगळं ऐकू येत होतं. मोठी माय गोंडीत बोलू लागली. पलीकडून मराठीत एकच वाक्य आलं, “बाई, मले येत नाई आता.” मोठी माय थांबली नाही. तिनं देवाचं नाव काढलं नाही, आडनावाचं नाही, घराण्याचं नाही. तिनं जेवणाचं विचारलं. तुझी माय मोहाच्या फुलांचं काय करायची? मामाच्या घरी कधी गेलता का? तिथं काय खाल्लं?

पुनाजी मराठीत उत्तरं देत होते. मग मध्येच एक शब्द गोंडीतला आला. मग दोन. मग एक अख्खं वाक्य आलं, गंजलेल्या कोयंड्यासारखं अडकत अडकत. दामिनी भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत राहिली. एक म्हातारा माणूस आपल्या आईच्या भाषेत पुन्हा चालायला शिकत होता.

पुनाजी सांगत होते, “मामाच्या घरी पूजा होती. मी सहा-सात वर्षांचा असन. पानांवर भात वाढला होता. कोंबडी होती. मले भूक लागलती. मी पानं मोजली, सात होती. मी मायले म्हटलं, मले आठवं पान मांड. तर माय म्हणे, चूप राय. हे माह्या माहेरचे देव होत. तुहे येगळे हायेत.”

मग ते रडू लागले. मोठी माय त्यांना रडू देत होती.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, पदरानं तोंड पुसलं आणि दामिनीला म्हणाली, “अंदर जाय. तो लाइनवर येऊन राह्यला. त्याले काई समजलं नाई, बापानं रडून रडून सांगतलं नसन.”

दामिनी आत गेली. स्पीकरचं बटण बंद करायला तिचा हात पुढे झाला. मग तिनं ते तसंच राहू दिलं.

“हॅलो?” हेमराजचा आवाज. “बाबा नुसते रडतायत. काय झालं? आजी काय म्हणाल्या?”

“तुमच्या आजीचं माहेर सात देवांचं निघालं.”

तो अगदी हळू म्हणाला, “म्हणजे... मी सात?”

“असे कसे शिकले तुम्ही?” दामिनी म्हणाली. तिला हसू येत होतं. “आजी सात देवांच्या घरची. मग तिला सात देवांच्या घरात देतील का? तुमचे आजोबा सात असतील का?”

“नाही.”

“मग तुम्ही?”

“...नाही.”

“किती ते मोठी माय शोधून काढीनच. पाच असाल, सहा असाल. पण तुम्ही आमच्यातले नाहीत, हेमराज.”

त्याचं नुसतं नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं होतं. तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“आमच्यातले नाहीत,” तो सावकाश म्हणाला, “हे आजवर मला कुणी इतक्या प्रेमानं सांगितलं नव्हतं.”

“मी प्रेमानं सांगितलं असं कुठं म्हटलं?”

“नाही म्हटलंस?”

खिडकीबाहेर मोठी माय आणि सीताफळाच्या कार्डाची शेजारीण कान लावून उभ्या होत्या, हे दामिनीला दिसत होतं.

“म्हटलं,” ती म्हणाली.

*

पुढच्या रविवारी आष्टीकडून येणारी गाडी बेलदरीच्या फाट्यावर थांबली. आधी पुनाजी उतरले. त्यांच्या मागून एक उंच, सावळा मुलगा उतरला. हातात मिठाईचा डबा, आणि केस इतके नीट विंचरलेले की ते त्यानं गाडीतच पुन्हा विंचरले असावेत.

दामिनीनं त्याला पाहिलं. त्यानं दामिनीला पाहिलं. फोनवर इतकं बोललेली ती दोघं. पण आता एकालाही शब्द सापडेना. त्याच्या डाव्या भुवईवर एक बारीक वण होता. आवाजात तो कधी दिसला नव्हता.

मोठी माय आणि पुनाजी पुढे चालू लागले. त्यांची गोंडी आता जोरात सुरू झाली होती. पुनाजी मध्येच अडत आणि मोठी माय शब्द पुरवी. ही दोघं मागून, बगीच्याच्या कडेकडेनं.

“काय बोलतात ते?” हेमराजनं विचारलं.

“लग्नाचं. आमच्यात मुलाच्या घरी होते. तुमचे बाबा म्हणतात, चाळीत दोनच खोल्या आहेत. मोठी माय म्हणते, मग इथंच करा.”

“कोण जिंकतंय?”

“कोण जिंकन, वाटते?”

तो हसला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. समोर पुनाजी एकदम थांबून मोठ्यानं काहीतरी म्हणाले आणि मोठी माय टाळी देऊन हसली.

“आणि आता?” त्यानं विचारलं.

“ते नाही सांगत. शिकून घ्या.”

“शिकवशील?”

दामिनीनं उत्तर दिलं नाही. तिनं आपली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्याच्या बाजूचा हात मोकळा झाला.